भोकांचा हिशेब

सगळे आधी काचेपाशीच थांबतात.
दुकानात शिरलं की डाव्या हाताला ती उभी,
समोरून काच, बाजूने काच,
आत सात पंखे, सात रंगांत गरगरणारे,
मासे सोडायचं राहून गेलेला फिशटँक जसा.
मी पाठ केलेलं सगळं बोलून टाकतो
आणि बहुतेक वेळा ती खपते.

म्हातारे श्याओ थांबले नाहीत.
हेल्मेट काखेत, पायात रबरी सपाता,
थेट मागच्या फळीवरची काळी, जाळीची केस काढली,
तिची पुढची बाजू उचकटली
आणि ट्यूबलाइटसमोर धरली.
"दीड मिलिमीटर," म्हणाले. "अंतर अडीच.
साचा बोथट झालेला होता, कडा बघ."
मी खोका उलटापालटा केला.
खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नव्हतं.

सानछोंगच्या कारखान्यात बत्तीस वर्षं प्रेसवर.
पत्रा आत, जाळी बाहेर.
"जाळी गिऱ्हाईक न्यायचं,
भोकं माझ्याकडे राहायची."
भोकं म्हणजे त्या टिकल्या,
खालच्या टोपल्यात पडणाऱ्या,
तिथून बुटांत, खिशांत,
बायकोच्या वॉशिंग मशीनमध्ये,
एकदा तर मुलाच्या लग्नात, भाड्याच्या कोटाच्या अस्तरात.

फोनवर नात होती, रुओ-निंग.
तिला काचेचीच हवी होती. पांढरी.
आणि अजिबात आवाज नको.
"आवाजाचं तूच बघ," ते मला म्हणाले
आणि कानातलं यंत्र बोटाने जरा दाबलं.
"माझे कान प्रेसने ठेवून घेतले."
तिची खोली पाचव्या मजल्याच्याही वर,
गच्चीवर ठोकलेली पत्र्याची.
जुलैत तिथे मेणबत्ती
न पेटवताच वाकते.

मी म्हणालो, काचेतूनही जाते हवा,
हे बघा, कडेला फट आहे.
"नाक दाबून पळायला सांग कुणाला.
पळेल की. तोंडाच्या कोपऱ्यातून ओढत
पळेल.
पण किती?"

मालक जेवायला गेले होते.
गल्ल्यावरच्या भूमिदेवापुढची उदबत्ती
मी उचलली (त्याने माफ केलं असावं,
गेल्या महिन्यात विक्री बरी झाली)
आणि काचेच्या केसपुढे धरली.
धूर काचेवर चढला, वर जाऊन घुटमळला,
चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.
मग जाळीपुढे धरली.
धूर ताठ झाला.
सरळ आत.
मागच्या पंख्यातून फाटक्या दोऱ्यांसारखा बाहेर.

म्हाताऱ्यांनी तळवा मागे धरला.
बराच वेळ धरला.
फोनमध्ये नातही गप्प.
"काळीच का पण?" एवढंच म्हणाली शेवटी.

पुढे तीन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा,
वर दोन, ते मागाहून, पेन्शन झाल्यावर.
धुळीची चाळणी महिन्यातून एकदा धुवायची,
ओली बसवायची नाही.
मांजर आहे का घरात?
आहे. मग पंधरवड्यातून.
कडेला ओरखडा होता म्हणून त्यांनी तीनशे कमी करायला लावले,
तो ओरखडा त्यांच्याच हेल्मेटचा होता,
ते मी पाहिलं होतं,
त्यांनाही माहीत होतं की मी पाहिलं.

स्कूटरवर दोन गुडघ्यांच्या मध्ये खोका,
हनुवटी खोक्यावर टेकलेली,
तसेच पुलाकडे गेले.

जानेवारीत रुओ-निंग आली, वरचे दोन पंखे न्यायला.
पावसाळी, हाडांत शिरणारी थंडी होती,
आमच्याकडची, जिला घरात कुठेच हीटर नसतो.
म्हणाली, आकडे चांगले आहेत, एकाहत्तरच्या वर जात नाही.
म्हणाली, आजोबा रोज रात्री वर येतात,
पेरू चिरून आणल्याचं निमित्त.
बशी ठेवतात
आणि केसच्या मागे स्टूल ओढून बसतात,
दोन्ही हात पुढे करून, बाहेर येणाऱ्या हवेत.

मी विचारलं, बोलतात काही?
"विचारतात, आत्ता कोण मेलं."
ती हसली.
"मग म्हणतात, चालू दे अजून थोडा वेळ.
बोटं अजून गार आहेत."