पठारावरची शिट्टी

गळ्यात शिट्टी, अंगात समितीचं हिरवं जाकीट,
पायात धाकट्या दिराचे गमबूट, एक नंबर मोठे,
पुढे कापूस कोंबलेला.
भाद्रपद लागला की साडेसातला माझी हजेरी,
तेव्हा कासच्या पठारावरून ढग उठलेलाही नसतो.

साताऱ्याकडून गाड्या येतात, काचा खाली होतात.
"फुलं कुठंशी आहेत?"
मी म्हणते, पायाखाली बघा.
ते लांब बघतात.
त्यांना गालिचा हवा असतो, मोबाईलमधल्यासारखा,
या कडेपासून त्या कडेपर्यंत जांभळा.
तेरडा कधी येतो तसा, कधी नाही येत.
यंदा उघडीपच नाही, त्याला मी काय करू?
मी काय तेरड्याची मुकादम आहे?

कुणी आत शिरलं की एकदा वाजवायची,
लोळलं की दोनदा.
फूल तोडून केसांत घातलं तर
तिला जवळ बोलवायचं, रागवायचं नाही,
असं मीटिंगमध्ये सांगितलंय.
लहानपणी याच सड्यावर मी म्हशी वळल्या.
आमच्या चांदरीनं सोनकी किती खाल्ली असेल,
दुधाला कधी वास आला नाही.

गुरुवारी मिरजेची एक पोर आली,
नाझनीन मुजावर, कॉलेजची, एकटीच.
ती लांब बघेना.
कातळाशी गुडघे टेकले, मग कोपरं,
मग पालथीच पडली चिखलात.
मी शिट्टी तोंडाला लावली, तर म्हणाली,
"मावशी, इकडे या. अशाच या, आडव्या."

भिंगात तांबूस, केसाळ काहीतरी,
केसाकेसाच्या टोकाला थेंब.
"दव आहे," मी म्हणाले.
"दव नाही, चीक आहे."
एक चिलट पाय ओढत होतं, निघत नव्हतं.
"खाते ती त्याला."
"कोण?"
"ही."
मी हसले. मग हसू थांबलं.
"तुमच्यात काय म्हणतात हिला?"
काही म्हणत नाही.
गुराच्या उपयोगाचं नाही
त्याला नाव कोण ठेवतं?

उठले तेव्हा मागे सहा जण आत,
एक बाप पोराला खांद्यावर घेऊन
थेट गेंदाच्या पांढऱ्या बोंडांत उभा,
आणि सुपरवायझर तात्या माझ्याकडे बघतोय.

दुपारी तिला धबधब्याकडे उतरवली.
जळवांना तंबाखूचं पाणी, हातात काठी.
उतारावर दोन्ही अंगांना कारवी,
नुसती हिरवी, यंदा तिची पाळी नाही.
"कधी फुलते?"
तिच्यावर तर मी वय मोजलं.
एक फुलोरा चौथीत,
एक साडी सावरायला शिकताना,
एका वेळी थोरला पोटात,
कारवीच्या मधाचा हट्ट धरला होता.
पुढचे दोन मोजलेच नाहीत,
हे माथाडीत, आम्ही कोपरखैरण्याला,
तिथे खिडकीसमोर दुसरी खिडकी.
आणि फुलून गेली की मरते ती, मी सांगितलं.
मेलेली तोडून आणायची, कुड विणायचा, वरून शेण लिंपायचं.
माझं बाळंतपण झालं ते असल्याच भिंतीला टेकून.
पोर थांबली.
हाताने एक खोड धरलं, सोडलं.

धबधबा आधी ऐकू येतो.
दिसला तेव्हा वारा दरीतून वर चढत होता
आणि पाणी पडतच नव्हतं,
अर्ध्यातून उलटं फिरून
आमच्याच तोंडावर येत होतं.
ती ओरडली काहीतरी. मीही ओरडले.
काय ते दोघींना कळलं नाही.

घरी गमबूट उपडे केले, कापूस पिळला.
चुलीपाशी बसत ह्यांना म्हणाले,
आपल्या सड्यावर एक झाड आहे, नखाएवढं,
ते माशी खातं.
हे म्हणाले, हजेरी लागली का आज?
अर्धी.