सारखे दोन हजार

किडरमिन्स्टरला, कालव्याकाठच्या गालिच्यांच्या कारखान्यात
पगारपत्रकं मी करते.
मालक आता कुणी नाही. म्हातारा अ‍ॅम्फ्लेट जाताना
कारखाना कामगारांच्या ट्रस्टला विकून गेला,
म्हणजे मालक आम्हीच,
म्हणजे छप्पर गळलं तर फोन कुणाला करायचा
हे कुणालाच माहीत नाही.

यंदा नफा झाला. कँटीनमध्ये प्रॉसर खुर्चीवर चढला.
"प्रत्येकी दोन हजार पौंड! मला तेवढेच, लोरेनलाही तेवढेच.
आणि ऐका, इन्कम टॅक्स शून्य."
कुणीतरी बिस्किटांचा डबा बडवला.

खोटं नव्हतं. कायदाच तसा आहे:
ट्रस्टच्या कंपनीत वर्षाला छत्तीसशेपर्यंतच्या बोनसला
इन्कम टॅक्स शिवत नाही,
वाटताना झाडूवालीला वगळलं नाही तर.

माझे वडील इचलकरंजीला जॉबर होते.
दिवाळीच्या चार दिवस आधी पाकीट यायचं,
वर शाईनं नाव, नावात दरवर्षी तीच चूक.
उघडण्याआधी आई ते तळहातावर तोलायची.
आत किती आहे ते कळायचं,
किती असायला हवं होतं ते कधीच नाही.
ते दुसऱ्या कुणाला तरी माहीत असायचं,
टेबलापलीकडच्या कुणाला तरी.

टेबलापलीकडे आता मी.

प्रॉसर. महिना सहा हजार.
एवढ्या उंचीवर नॅशनल इन्शुरन्स दोनच टक्के उरतो.
चाळीस पौंड गेले. हातात एकोणीसशे साठ.

डिझाइनचा कॅलम. त्याला आठ टक्के, एकशे साठ,
वर शिक्षणकर्जाचे एकशे ऐंशी.
"युनिव्हर्सिटीत मी नुसता झोपलो होतो," तो म्हणाला,
"अजून भाडं भरतोय त्या झोपेचं."

लोरेन टॉली. महिना नऊशे, पहाटे पाच ते नऊ.
इन्शुरन्सचे एकशे अठ्ठेचाळीस.
अठराशे बावन्न. बटण दाबलं.
आकडा परस्पर सरकारकडे गेला,
तिथून दुसऱ्या खात्यात,
आणि मी डबा उघडून थालीपीठ खाल्लं.

पुढच्या महिन्यात ती फोन पुढे करून उभी.
तुटपुंज्या पगाराला सरकार जोड देतं ना, युनिव्हर्सल क्रेडिट,
ते जास्तीच्या प्रत्येक पौंडामागे पंचावन्न पेन्स मागे घेतं.
एक हजार अठरा पौंड कमी आले होते.

"टॅक्स नाही म्हणाला होता ना तो?"
"नाहीच लागला."
मी स्लिप दाखवली. शून्य होतं,
गोल, सुबक, कुठेही न फुटलेलं.

मग आम्ही दोघींनी कागदावर वजाबाकी केली.
उरले आठशे तेहतीस पौंड, तेहतीस पेन्स.
"तीन तीन तीन तीन," ती म्हणाली. "लॉटरीचा नंबर वाटतोय."

पुढच्या वर्षी चार हप्त्यांत द्याल का?
चारदा कापतील.
पेन्शनमध्ये टाकलं तर?
तर नाही कापणार. पण मिळेल सत्तावन्नाव्या वर्षी.
ती चौतीसची आहे. तिनं बोटांवर मोजलं.
"तोवर जेकबचे पाय केवढे होतील? बूट त्याला आत्ता हवेत."

म्हटलं, आमच्याकडे याला मुसळ केरात जाणं म्हणतात.
केर म्हणजे काय, तिनं विचारलं.
सांगायला तोंड उघडलं आणि
तिच्या हातातल्या यंत्राकडे बघून गप्प बसले.

प्रॉसरनं परवा ट्रस्टच्या भिंतीवर फ्रेम लावलीय:
समान वाटा, समान मान.
कागद तिरका बसलाय. काच तीच पुसते.

माझ्याकडे त्या महिन्याचे सगळे आकडे बरोबर आहेत.
एक पेनीचाही फरक नाही. ऑडिटवाले खूश होते.
मीही तपासले, पुन्हा तपासले,
चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

व्हॅक्यूमचा आवाज टेबलाखाली आला.
"पाय उचल, विभा."
उचलले.