पट्टी

रात्री दहाला एक मीटर चाळीस.
पहाटे पाचला साठ सेंटिमीटर.
इब्रामपूरच्या पुलाखाली मी बॅटरी घेऊन उतरते,
खांबावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर उजेड धरते
आणि पाणी सांगेल तो आकडा वहीत लिहिते.
बाबांनी सव्वीस वर्षं लिहिलं.
माझं हे अकरावं.

बाबांच्या वह्यांत न्हंय सावकाश उतरते.
दिवाळीपासून शिगम्यापर्यंत, आठवड्याला दोन बोटं,
कणगीतलं भात उतरावं तशी.
एका पानाच्या कडेला बारीक अक्षरात:
‘खडस खडीवर. जोडी. कल्ले तांबूस.’
माशांचा रकाना छापील वहीत नव्हता कधीच.

माझ्या वह्यांत न्हंय दचकते.
संध्याकाळी सीमेपल्याड, डोंगराच्या पोटात दार उघडतं.
कुठल्याशा शहरात माणसं घरी परतून
बटणं दाबत असतात.
साडेतीन तासांनी त्यांचा तो उजेड
पाणी होऊन माझ्या गुडघ्यांना लागतो.
गार. धरणाच्या तळाचं पाणी,
कधी उन्हात न बसलेलं.

मध्यरात्री दार मिटतं.
पहाटे खडी उघडी पडते,
आणि तिच्या फटीफटीत
तांदळाच्या कणीएवढी, पिवळसर,
रात्रीच्या पाण्यावर विश्वास ठेवलेली अंडी.

धाकू गवस जाळं घेऊन येत नाही आता.
करवंटी घेऊन येतो.
उकिडवा बसून दगड उचलतो, अंडी भरतो,
खालच्या कोंडात नेऊन सोडतो.
‘जगतात?’ मी विचारलं.
‘विचारू नको गे,’ म्हणाला, ‘हात थरथरतात मग.’

पर्वरीहून दोन साहेब आले होते.
रोजची सरासरी ठीक आहे, म्हणाले.
ठीकच आहे, मीच काढते:
एक चाळीस आणि साठ, मधोमध एक मीटर.
एक मीटर पाण्यात खडस सुखानं नांदेल.
पण ते एक मीटर पाणी
या पट्टीवरून दिवसात दोनदाच जातं,
एकदा चढताना, एकदा उतरताना,
आणि दोन्ही वेळा घाईत.
साहेबांनी चहा घेतला. कपबश्या मी विसळल्या, नदीतच.

मग मी वीज केंद्रावर फोन लावला.
रात्रपाळीला कुणी सरनोबत होता, कोल्हापूरकडचा.
बंद करू नका असं म्हणत नाही, मी म्हटलं,
हळू बंद करा.
तो बराच वेळ गप्प होता, मागे यंत्रं घरघरत होती.
‘मासे?’ म्हणाला. ‘खरंच मासे?’

त्या रात्री पाणी सहा तास उतरत राहिलं.
मी दर तासाला लिहिलं: एक तीस. एक पंधरा. एक मीटर.
उजाडता उजाडता उथळात एक पाठ हलली,
जुन्या पितळी तांब्याच्या रंगाची.
एकच. कल्ले दिसले नाहीत.

दुसऱ्या रात्रीपासून फोन दुसऱ्याच माणसानं उचलला.
सरनोबत कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं.

आज पहाटे पाच: साठ सेंटिमीटर.
आकाश निरभ्र. वारा नाही.
कडेला, बारीक अक्षरात:
करवंट्या अकरा.
बारावी धाकूच्या हातातून सांडली.