उतार

घर घेतलं तेव्हा बाथरूममध्ये गालिचा होता.
खरंच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तपकिरी,
आणि कच्च्या पेरूच्या रंगाचा टब.
मी दारात चपला काढून उभी,
पाय कुठे ठेवावा कळेना.

स्वान्सीत चौतीस वर्षं
त्या टबात उभ्यानं आंघोळ केली,
पडद्याआड, अंग चोरून,
थेंब बाहेर उडू नये म्हणून जपत,
पाहुण्याच्या घरी असल्यासारखी.
शर्वरीची बदकं त्याच टबात तरंगली,
तेव्हा नावं ठेवत नाही मी त्याला.

मग गुडघा बदलला.
टबाची कड ओलांडायची नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आणि मी एवढी खूश झाले
की त्यांनी गोळ्यांचा डोस पुन्हा तपासला.

ग्लिन आला मोजपट्टी घेऊन.
म्हटलं, जाळी थेट जमिनीलाच हवी,
पाणी कुठेही सांडलं तरी चालेल अशी जागा.
सांडायचं कशाला, त्याला कळेना.
मग मी बादली आणली, तांब्या आणला,
स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून
रिकामा तांब्या खांद्यावरून ओतून दाखवला.
तो बघत राहिला.
आजोबा खाणीतून आले की, म्हणाला,
आजी अश्शीच ओतायची त्यांच्या पाठीवर,
शेगडीपुढे, पत्र्याच्या टबात.
त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

ग्लिन ह्यांना डिग म्हणतो.
दिगंबरचा अर्थ मी त्याला अजून सांगितलेला नाही;
न्हाणीघराचं काम चालू असताना
ते बरं दिसलं नसतं.

गालिच्याखाली फळ्या, त्यातली एक कुजलेली,
फटीत केसांची एक पिन. माझी नव्हे.
धुऊन खिडकीत ठेवली.
ह्यांनी जन्मभर पोर्ट टॅल्बटच्या भट्टीवर पोलाद तपासलं,
आता गुडघ्याखाली उशी घेऊन
फरशीचा एकेक सांधा बोटानं तपासत बसले.
एक फरशी चार वेळा उखडली,
केसभर वर होती म्हणून.
मी काही बोलले नाही. चहा नेऊन ठेवला,
तो गार झाला, दुसरा नेला.

शेवटच्या दिवशी ग्लिननं खिशातून गोटी काढली.
एका कोपऱ्यातून सोडली. निघाली, जरा रेंगाळली, जाळीशी गेली.
दुसऱ्या कोपऱ्यातून. तिसऱ्या.
चौथ्यातून मला सोडायला लावली.
उतार दिसता कामा नये, म्हणाला,
नुसता असायला हवा.

उतार.
आमच्यात तो वयालाही असतो.
आणि तापालाही पडतो:
रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलून
पहाटे आई शेजारणीला हळूच सांगायची तो.
इतकी वर्षं मी पहिलाच धरून बसले होते.

आज सकाळी समुद्र दिसत नव्हता,
खिडकीत नुसता आडवा पाऊस.
बादलीत कढत पाणी घेतलं, विसण घातलं,
कोपर बुडवून पाहिलं, आणखी थोडं घातलं.
ह्यांनी केलेल्या पाटावर बसले,
मुद्दाम उंच केलाय, नव्या गुडघ्याला झेपेलसा.

वडील आंघोळीला नद्यांची नावं घेत,
थंडीत घाईघाईनं निम्म्या गाळत.
मी सगळ्या घेतल्या, सावकाश,
आणि शेवटी तावे,
जिच्या पुलावरून इतकी वर्षं कामावर गेले
आणि जिला एकदाही हाक मारली नव्हती.

पहिला तांब्या खांद्यावरून.
पाणी उडालं, भिंतीवर, दारावर,
कोणाचं काही बिघडलं नाही.
दुसरा डोक्यावरून.
मग डोळे मिटून ऐकत राहिले,
ते आपलं आपण वाट काढत चाललं होतं.

दाराबाहेरून ह्यांचा आवाज:
साचतंय का गं कुठे?

डोळे उघडून चारी कोपरे पाहिले.

नाही, म्हटलं.
कुठेच नाही.