शेवटची सोळा पानं

प्राध्यापिका झाबेल यांनी फळ्यावर लिहिलं:
आवडलेला सिनेमा, पुस्तक, संगीत.
दोन पानं. शुक्रवारपर्यंत.
सगळे भराभर लिहायला लागले.
येरेवानची मुलं ती,
त्यांच्याकडे सगळं अख्खं असतं.

मी ग्युम्रीची.
भूकंपानंतर दोन वर्षांपुरता म्हणून दिलेल्या
पत्र्याच्या डब्यात वाढले.
त्या दोन वर्षांना यंदा सतरा झाली.

सिनेमा म्हणाल, तर आमच्याकडे
सगळ्या सिनेमांत एकच माणूस बोलायचा.
कॅसेटवर, मागून, रशियनमध्ये, नाकातून,
बारा महिने पडसं असल्यासारखा.
नायक तो, नायिकाही तोच,
खुनी, न्यायाधीश, पाळण्यातलं बाळ,
एकदा तर घोडासुद्धा.
"माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो सांगायचा,
बस आज उशिरा सुटेल हे सांगावं तसं,
आणि माझी थोरली बहीण अर्फेनिक ढसाढसा रडायची.
इथे मोठ्या पडद्यावर
नायिकेला स्वतःचा आवाज होता. बारीक, गोड.
मला वाटलं, ही खोटं बोलतेय.

संगीत: कमांचाची एक कॅसेट.
शेजारच्या वारदुहीनं रेडिओपुढे टेप धरून भरलेली.
तिसऱ्या धुनेत गज वर वर चढत असताना
तिचं शिवणयंत्र घरघरतं, थांबतं,
ती खोकते,
आणि ओरडते, "अगं बाई, दूध!"
मग सूर घाईघाईनं खाली येतो,
जणू उतू जाण्याआधी त्यालाच पोचायचंय.
परवा सभागृहात तीच धून ऐकली.
त्या जागेपाशी मी श्वास धरून बसले.
कोणी खोकलं नाही.
सूर नुसताच खाली आला,
कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.
मीही वाजवल्या, उभी होतेच म्हणून.

आणि पुस्तक.
एका कप्तानाची कादंबरी.
आमच्या गावाहून कुठल्याही दिशेनं निघा,
समुद्र लागायला आधी दुसरा देश लागतो.
तरी आम्हा सगळ्यांना त्या जहाजाचे दोर पाठ.
शेवटची सोळा पानं मात्र नव्हती.
त्र्याण्णवच्या हिवाळ्यात वीज तासभर यायची,
लोकांनी शाळेची बाकं जाळली, जुने बूट जाळले.
पानांचं काय झालं, कोणी विचारलं नाही.

बाबा म्हणत, कप्तान बुडतो. कप्तानानं बुडावंच.
अर्फेनिक त्याचं दुसरं लग्न लावून मोकळी.
आई म्हणे, परत येतो,
जर्दाळू उतरवायच्या दिवसांत, पहाटे,
हातात भिजलेली टोपी.
दर हिवाळ्यात तेच. टोपीसकट.

मंगळवारी ग्रंथालयात अख्खी प्रत सापडली.
कपाटापाशी उभ्यानंच वाचली ती सोळा पानं.
परत येत नाही तो.
एक पत्र येतं, त्यातही नुसता हिशेब:
डांबर, मीठ, चार पिंपं पाणी.

बाहेर पायऱ्यांवर बसून आईला फोन लावला.
बराच वेळ तिकडून फक्त किटलीचा आवाज.
मग म्हणाली, "माहीत आहे मला.
मीच टाकली ती शेगडीत. एकेक वाचून टाकली.
चार वर्षांची होतीस, बोटं निळी पडली होती तुझी.
आठच तर कागद. कपभर दूध कोमट झालं, बस."
मी विचारलं, "आणि ती टोपी?"
"टोपी तुझ्या मामाची," म्हणाली,
आणि अर्फेनिकच्या दाढेबद्दल बोलायला लागली.

उद्या शुक्रवार.
दोन पानं झालेली नाहीत.
एकच ओळ आहे:
मला आवडलेल्या पुस्तकाचा शेवट मी प्यायले होते.
झाबेलबाई याखाली लाल रेघ मारतील,
समासात लिहितील, स्पष्ट करा.

खोडत नाहीये.
खाली टोपीबद्दल लिहावं का, तेवढंच ठरत नाही.