बाटली चार

सातजण. खुर्च्या पाच.
झोन ऑफिसच्या जिन्याखाली आमची बैठक.
टेबलावर ओढ्याच्या पाण्याच्या सहा बाटल्या,
मेडिकलमधून मागून आणलेल्या, तीनदा धुतलेल्या.

आमच्या हाती फक्त सल्ला.
शिक्का नाही, दंड नाही,
चहाचे पैसेही आळीपाळीनं.

मल्लेशम इराबत्ती, रंगखात्यात एकतीस वर्षं,
चौथी बाटली उजेडाला धरतात.
"हा टॉवेलचा लाल.
रात्री दोनच्या पुढं सोडलाय.
कुणी, तेही सांगतो."
आणि सांगत नाहीत.
त्यांच्या नखांच्या कडेला अजून तोच लाल.

ओढ्याकाठी मेथी लावणारी जुबेदा म्हणते,
"जुडी धुतली की हात खाजतात. लिवा."
मी लिहितो.

सोलापुरात बसून समुद्राची काळजी कशाला,
कुणीतरी हसतं.

मल्लेशम सांडलेल्या चहात बोट बुडवतात,
टेबलावर रेघ ओढत नेतात:
ओढा, सीना, भीमा, मग कृष्णा,
पार पलीकडच्या कडेपर्यंत.
"हितं, कडेच्या जरा अलीकडं,
माझ्या आज्याचं गाव.
धोटा पिशवीत घालून तो चालत वर आला.
आपण खाली हे पाठवतोय."

चहा कडेवरून फरशीवर, थेंब थेंब.
पंखा बंद. कुणी पुसत नाही.

"लिहा," ते म्हणाले, "बाटली चार,"
आणि कारखान्याचं नाव सांगितलं,
मालकाचंही, सावकाश, मला नीट लिहिता यावं म्हणून.
आडनाव मला विचारावं लागलं नाही.