कोबीवरचा दगड

धुकं म्हणू नका त्याला.
धुकं मी पाहिलंय, ग्दिनियाच्या बंदरात,
चाळीस मीटर उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमधून,
पायांखालची जहाजं एकेक करून पुसली जाताना.
धुक्याला भोंगा असतो.
दहा-साडेदहाला हेलच्या बाजूनं वारा सुटतो
आणि पिवळे, तांबडे कंटेनर
जिथल्या तिथे सापडतात.

हे विरत नाही.
मार्चमध्ये तीन वर्षं झाली.
मंगळवार होता, एवढं पक्कं आठवतं,
आणि काल काय जेवले ते आठवत नाही.

आई हिवाळ्यासाठी पिंपात कोबी घालायची,
मीठ, शहाजिरं, वर लाकडी झाकण,
झाकणावर समुद्रकाठून आणलेला दगड.
तसा दगड. इथे. टाळूच्या जरा मागे.
दुखत नाही हो, दुखणं मला कळतं,
दोन बाळंतपणं काढलीत मी.
हा नुसता बसलाय.

डॉक्टरीणबाई चांगली आहे.
तिनं पडद्यावर मला माझा मेंदू दाखवला,
"बघा, किती छान," म्हणाली.
मी बघितला,
शेजारणीचं आवरलेलं घर बघावं तसा.
रक्त छान. थायरॉईड छान. मानेचे मणके वयाला शोभतील असे.
"डोक्याला काही ताण?"
ताण होता की, तारांवर, रोजचा अठ्ठावीस टनांचा.
तो कधी जड गेला नव्हता.

क्रेन मी आपणहून सोडली.
एका सकाळी कंटेनर हवेत होता
आणि खाली हात हलवणारा झेनॉन
डावीकडे म्हणतोय की थांब म्हणतोय
कळेना.
हात दिसत होता. अर्थ वर येत नव्हता.
नंतर विचारलं, किती वेळ? म्हणाला, चार सेकंद.
चार सेकंद ते अठ्ठावीस टन
कुणाचेच नव्हते.
अंडं ठेवावं तसा ठेवला मी कंटेनर,
एकशे बेचाळीस पायऱ्या उतरले,
किल्ली दिली.

आता फाटकाजवळच्या कोठीत बसते.
हातमोजे देते, हेल्मेटं परत घेते, सही घेते.
पोरं कुरकुरतात, हेल्मेट घट्ट होतं, डोकं आवळतं.
मी नंबर लिहून घेते.

लोक म्हणतात, दिसतेस तर बरी.
काय करू, डोक्याला प्लास्टर घालून फिरू?

घरी कालिना माझी वाक्यं पुरी करते.
"ते दे गं, ते... भोकांचं..."
"चाळणी, आई."
अकरा वर्षांची आहे.
कधी मुद्दाम चुकीचा शब्द हातात देते:
"पाणघोडा, आई."
मग मी हसते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
आणि वाटतं, सरकला का जरा?
नाही सरकत.
विटोल्ड काही बोलत नाही.
पण पूर्वी भांडी आदळायचा, आता
बशीवर बशी ठेवताना
मध्ये बोट धरतो.

ऑक्टोबरात आईचंच पिंप काढलं.
बारा गड्डे चिरले. विळी चालवायला हात विसरत नाहीत,
हातांना डोकं लागत नाही, बरं आहे.
मीठ मात्र मोजायचं असतं.
कालिनानं खिडकीत घेवड्याचे दाणे मांडले,
एक मूठ मीठ, एक दाणा उचलायचा.
मी उचलत गेले.
मग दगड धुतला, दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला,
आणि उगाच उभी राहिले तिथे,
तळव्यांखाली तो गार, निमूट.

दगडाखाली कोबी करतो काय?
स्वतःचंच पाणी सोडतो,
त्यातच बुडून टिकतो.
हे मी शहाणपण म्हणून सांगत नाहीये.
कोबीला सकाळी सहाची पाळी नसते,
कोबीला कुणी विचारत नाही,
आज कसं वाटतंय?

दाणे संपले तेव्हा मी
परत मांडून पुन्हा सुरू केलं असावं.
खारट झालाय यंदा. फार खारट.
विटोल्ड दोनदा पाण्यातून काढतो,
कालिना तोंड वाकडं करते,
आणि संपत आलाय.